सात नंबरची प्रत

५ फेब्रुवारी

दादा,

मोठे साहेब काल दुपारी सव्वातीनला गेले. त्यांच्या मुलीने आज सकाळी मला फोन करून सांगितलं आणि अकरा वाजता कार्यालयाच्या प्रवक्त्याने दुजोरा दिला. वय शहाऐंशी, कारण वार्धक्य. बातमी वीस तास दाबून का ठेवली, असं मी प्रवक्त्याला विचारलं. तो म्हणाला, "सवय."

तुझा पत्ता वहिनीने दिला. सोबत एकच ओळ होती : 'लिहा, पण उत्तराची वाट बघू नका.' तू शाळेत गणित शिकवतोस आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करून देतोस, हेही तिनेच कळवलं. मला हसू आलं. आईचं गजराचं घड्याळ तू खोललं होतंस आणि जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले होते.

सव्वीस वर्षांनी पत्र कशासाठी, हा प्रश्न तू विचारशीलच. कारण सांगते. गेलं दीड वर्ष मी तुझ्याच जुन्या कार्यालयाचा इतिहास लिहिते आहे. लष्करी गुप्तवार्ता संस्थेची साठ वर्षं, पाच प्रमुख, चारशे दहा पानं. पेपरातून निवृत्त होण्याआधीच मला बोलावणं आलं. आताचे संचालक म्हणाले, "इतिहास लिहायला बाहेरचा माणूस नको, घरचाही नको. तुम्ही अर्ध्या घरच्या." मी तेव्हा याला विनोद समजले.

जिन्यातल्या तसबिरी तुला आठवत असतील, आता पाच झाल्या. तुझ्या वेळी तीनच होत्या. पहिले प्रमुख मूळचे नकाशे काढणारे; सात कारकून आणि एक गळकी खोली घेऊन त्यांनी संस्था उभी केली. दुसऱ्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, फक्त बिनतारी यंत्रांवर होता. शत्रू चालत आला आणि यंत्रांना ते ऐकूच आलं नाही. मग मोठे साहेब, सलग चौदा वर्षं. प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येक हातबदलाला सही, हे सगळं त्यांचं. चौथ्यांनी इमारतीला रंग दिला. पाचवे म्हणजे आताचे. मोठ्या साहेबांचे स्वीय सहायक होते ते. तुम्ही लोक त्यांना 'बॅगवाले' म्हणायचात ना?

मसुदा त्यांच्याकडे तपासायला गेला होता. चारशे दहा पानांतून त्यांनी एकच परिच्छेद काढला. पराभव ठेवला, दुसऱ्या प्रमुखांचं दारूचं व्यसन ठेवलं. काढला तो मोठ्या साहेबांच्या प्रकरणातला एक साधा किस्सा. साहेबांनी तो मला ऑक्टोबरात, स्वतःच्या व्हरांड्यात बसून सांगितला होता. तो असा : अहवालावरच्या बैठकीत साहेब स्वतःची प्रत सर्वांत कनिष्ठ विश्लेषकापुढे सरकवत आणि त्याची प्रत आपण घेत. पोराने समासात पेन्सिलीने काय खरडलंय ते त्यांना बघायचं असे. एकदा एकाने लिहिलं होतं : 'पुलावर दिव्याचे एकतीस खांब नाहीत. मोजणारा पुलावर गेलेलाच नाही.' साहेब हे सांगताना इतके हसले की नर्स धावत आली.

नेतृत्वावरच्या प्रकरणात असा किस्सा सोन्यासारखा. तो का काढावा? समासावर संचालकांनी लिहिलंय, 'शिस्तीस धरून नाही.'

ते पेन्सिलीचं वाक्य तुझं आहे का, एवढंच विचारायचं होतं. मला ते तुझ्यासारखं वाटलं.

जुनं काही उकरत नाही. चौकशीत मी तुझ्याविरुद्ध एक शब्दही बोलले नव्हते, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी धाकटी


९ फेब्रुवारी

दादा,

अंत्यविधीला सगळे होते. मानवंदनेच्या तीन फैरी झाल्या. संचालकांनी भाषण केलं. बोलताना गळा दाटला, बोलून झाल्यावर लगेच मोकळा झाला. साहेबांची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या लग्नातसुद्धा हेच बोलले होते हे. फक्त काळ बदलला."

पण लिहायचंय ते दुसरंच. तळघरातल्या नोंदणी विभागात एक बाई आहेत, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळे त्यांना कुलूपबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. तुझ्या वेळी त्या तिथे नव्या होत्या. कदाचित तुला आठवतील. त्या काढून टाकलेल्या परिच्छेदाचं डोक्यातून जाईना, म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

"कुलूपबाई, पुलाच्या अहवालाची फाइल बघायला मिळेल?"

"इतिहासासाठी की भावासाठी?"

"इतिहासासाठी."

"मग मिळेल. भावासाठी असती तर अर्ज लागला असता." आणि किल्ली लावता लावता म्हणाल्या, "अर्ज तुम्ही केलाच नाहीत कधी. सव्वीस वर्षांत एकदासुद्धा नाही हो, लेखिकाबाई."

मी फाइल घेऊन दिव्याखाली बसले.

फाइल दोन बोटं जाड आहे. तुला माहीत असेल, मला नव्हतं. चौकशी बंद दाराआड झाली होती आणि आम्हा घरच्यांना 'प्रतीवरून सिद्ध झालं' एवढंच सांगितलं होतं. कसं सिद्ध झालं ते मी परवा वाचलं. मोठ्या साहेबांचा नियम होता : महत्त्वाच्या अहवालाची प्रत्येक प्रत वेगळी टंकलिखित करायची आणि एका बिनमहत्त्वाच्या जागी आकडा बदलायचा. कुणाला दिसू नये, पण कागद बाहेर फुटला तर कुठली प्रत फुटली ते कळावं. त्या अहवालात बदलला होता दिव्याच्या खांबांचा आकडा. एक नंबरच्या प्रतीत पंचवीस, दोनमध्ये सव्वीस, असं करत सातमध्ये एकतीस. आमच्या पेपराने छापलं : 'एकतीस दिव्यांच्या खांबांचा तो पूल.' आमच्या लोकांना असा तपशील हाती लागला की राहवत नाही. सात नंबरची प्रत तुझी. त्यातून बहीण त्याच पेपरात. झालं.

आता हे दोन्ही शेजारी ठेव. एकतीस खांब फक्त तुझ्या प्रतीत. आणि 'एकतीस खांब नाहीत' हे समासातलं वाक्य मोठ्या साहेबांनी वाचलं, कारण त्या दिवशी त्यांनी प्रत बदलून घेतली. म्हणजे सात नंबर साहेबांबरोबर गेली. आणि तुझ्याकडे राहिली एक नंबर, पंचवीस खांबांची.

मी कुलूपबाईंना विचारलं, "साहेब प्रती बदलायचे?"

"रोज."

"मग रजिस्टरात तसं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आई पाहायची, घरात साखर कुठे असते हे विचारल्यावर. "अहो, नियम कुणी केला? साहेबांनी. मोडला कुणी? साहेबांनी. मग रजिस्टरात कोण लिहिणार? आम्हाला सांगितलेलं होतं, परत आलेल्या कागदावरचा आकडा बघायचा नाही, माणूस बघायचा. साहेबांकडून आली ती साहेबांची. पोराकडून आली ती पोराची. सही करायची, फाइल बंद करायची."

"आणि चौकशीत हे कुणी विचारलं नाही?"

"चौकशी अधिकाऱ्याने रजिस्टर मागितलं. रजिस्टर दिलं. रजिस्टर बरोबरच होतं की!"

साहेब कधीच काही हातात धरत नसत. त्यांचे कागद बॅगेत असायचे आणि बॅग कुणाच्या हातात असायची ते तुला सांगायला नको. पुढच्याच महिन्यात उपप्रमुखांना अहवाल फुटल्याचा ठपका घेऊन जावं लागलं आणि वरची वाट मोकळी झाली. कुणासाठी, तेही सांगायला नको. माझ्याकडे पुरावा नाही. संशय आहे, आणि तो मी जेवते, झोपते तिथे माझ्या सोबत असतो.

फाइलीत माझं निवेदनही आहे. एक पान. विचारलं तेवढंच सांगितलं होतं मी. कुलूपबाईंनी ते पान बघून एक वाक्य म्हटलं, ते आज लिहीत नाही.

धाकटी


१४ फेब्रुवारी

दादा,

काल संचालकांनी चहाला बोलावलं. त्यांच्या खोलीत खुर्च्या अशा मांडल्या आहेत की पाहुण्याच्या तोंडावर उजेड यावा. मी खुर्ची वळवून बसले. ते हसले.

"पेपरवाल्यांची खोड."

"तुमच्या खोलीतलीच शिकले, साहेब."

परिच्छेद का काढला म्हणून विचारलं. म्हणाले, "थोर माणसाचा किस्सा आहे, पण नव्या पोरांनी वाचला तर उद्या सगळेच कागद बदलत बसतील." पटण्यासारखं आहे. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, साहेब असं बोलल्याचं काही लेखी आहे का? मी म्हटलं, मुलाखतीच्या प्रत्येक पानावर साहेबांनी वाचून आद्याक्षरं केली आहेत. त्यांची सवयच ती. संचालकांनी चहा ढवळला. साखर घेत नाहीत ते.

निघताना दारात म्हणाले, "बंधू बरे आहेत ना? घड्याळं दुरुस्त करतात म्हणे." मी म्हटलं, हो, बरे आहेत. कुणीतरी सांगितलं असेल त्यांना.

तू काळजी करू नकोस. ते सहीचं पान मी घरी ठेवलेलं नाही. आमच्या पेपराच्या ग्रंथालयात जुन्या अंकांचे बांधलेले खंड आहेत. पुलाची बातमी आली त्या वर्षाचा मार्चचा खंड, त्याच बातमीच्या पानात ते ठेवलंय. तिथे कुणी बघायला जात नाही.

निवेदनाबद्दल. तू ते कधी वाचलंस का, मला माहीत नाही. मला विचारलं होतं, भाऊ कार्यालयाचे कागद घरी आणायचा का? मी म्हटलं, माहीत नाही. इतकंच.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "ते पत्रं वाचत नाही म्हणतात. पण मी टेबलावरून हलवली की शोधत बसतात."

धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

सगळं ठीक. तो परिच्छेद मी काढून टाकला. विचार केल्यावर संचालकांचं म्हणणं योग्यच वाटलं. माणूस मोठा समजूतदार आहे. पुस्तक छापखान्यात गेलं, दोन मार्चला समारंभ आहे. पाहुण्यांची यादी लांबत चालली आहे आणि जिन्यातल्या तसबिरी पुसून घेतल्या आहेत. जुन्या गोष्टींवर आता पडदा टाकावा असं मलाही वाटू लागलंय.

हवा बरी आहे. गुडघा दुखतो. तब्येतीला जप.

धाकटी


२३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र टपालाने येणार नाही. मोठ्या साहेबांची मुलगी उद्याच्या विमानाने परत जाते आहे, तू राहतोस त्याच देशात. ती तुझ्या हातात देईल. पाकीट फाडायच्या आधी तिला आत बोलाव आणि बसव. तिने जे केलंय ते सोपं नव्हतं.

आधीच्या चार पत्रांपैकी कुठलं खरं, कुठलं खोटं, ते सांगते.

घड्याळांची गोष्ट मला फक्त वहिनीच्या चिठ्ठीतून कळली होती. ती मी दोनच ठिकाणी बोलले. एकदा तुला लिहिली, एकदा तळघरात कुलूपबाईंना सांगितली. संचालकांनी दारात तीच काढली. एक तर पत्र उघडलं जात होतं, नाही तर कुलूपबाई सांगत होत्या. मी दोघांवर संशय घेतला. खरं सांगायचं तर साहेबांच्या मुलीवरही घेतला, आणि एक दिवस वहिनीवरसुद्धा. तुमच्या संस्थेवर दीड वर्ष लिहिलं की माणूस असा होतो.

मग मोठ्या साहेबांचीच युक्ती वापरली. तुला लिहिलं, पान ग्रंथालयात आहे. कुलूपबाईंना सांगितलं, पान आईच्या शिलाई मशीनच्या खणात आहे. दोन्हीकडे काहीच नव्हतं.

मंगळवारी ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल म्हणाले, "मार्चचा खंड? तुमच्या कार्यालयाची माणसं काल नेऊन गेली की. बांधणी उसवलीय म्हणाले. पावती दिली आहे, ही बघा."

दादा, पावती! शिक्का, तारीख, संचालकांच्या कचेरीच्या कारकुनाची सही. आपली माणसं चोरीसुद्धा पावती देऊन करतात. मोठ्या साहेबांनी लावलेली शिस्त, काय सुटणार? ती पावती मी मागून घेतली. ग्रंथपालांना दुसरी लिहून दिली, नाही तर ते देईनात.

शिलाई मशीनवर धूळ जशीच्या तशी होती. मी तळघरात गेले आणि कुलूपबाईंना सगळं सांगून माफी मागितली.

"माझ्यावर संशय घेतलात?"

"घेतला."

"बरं केलंत. नसता घेतला तर तुम्हाला रजिस्टर दाखवून मी चूक केली असं वाटलं असतं." मग त्यांनी टेबलावरचा चहा माझ्याकडे सरकवला. "आता अर्ज करा. भावासाठी."

अर्ज केला. मंत्रालयाची पुनर्विलोकन समिती आहे, तीन माणसांची. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई. सहीचं पान पहिल्यापासून माझ्या वकिलांकडे होतं, आता समितीकडे सीलबंद आहे. आद्याक्षरं वडिलांचीच आहेत, असं साहेबांच्या मुलीने शपथेवर लिहून दिलं. मी तिला म्हटलं, तुमच्या वडिलांचं नाव खराब होईल. कारण साहेबांना ठाऊक असणारच. पेपरात एकतीस खांब वाचले त्या सकाळी त्यांना कळलं असणार की ती प्रत आपल्या बॅगेत आली होती. नियम आपणच मोडला हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी तुला जाऊ दिलं. ती म्हणाली, "बाबांनी आयुष्यात कुणाची चूक माफ केली नाही. स्वतःची मात्र पोटात घातली. हे मला लहानपणी माहीत असतं तर बरं झालं असतं."

ऑक्टोबरात त्यांनी मला तो किस्सा विसरून सांगितला की मुद्दाम, हे मला कळलेलं नाही. मी कुणाची बहीण हे त्यांना माहीत होतं. हसता हसता त्यांनी पानावर सही केली, आणि पान परत देताना जरा जास्त वेळ धरून ठेवलं. यावर मी काहीच छापणार नाही. संशयाला मी वस्तुस्थिती म्हणत नाही, एवढं पेपराने शिकवलं.

आता माझं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, एक शब्दही बोलले नव्हते. खोटं. दुसऱ्यात लिहिलं, विचारलं तेवढंच सांगितलं. तेही खोटं. तिसऱ्यात लिहिलं, 'माहीत नाही' म्हणाले. तेही नाही. कुणी पत्र उघडत होतं म्हणून हे खोटं लिहिलं असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. तुझ्यापुढे लिहायची हिंमत नव्हती.

माझ्या सहीचं निवेदन शब्दशः असं आहे : 'माझा भाऊ कार्यालयाचे कागद घरी आणत असे. मी स्वतः पिवळे सरकारी पाकीट त्याच्या खणात पाहिले आहे. त्याने मला त्यातील काही दाखवले नाही.' पाकीट मी पाहिलं होतं, एवढं खरं. आत काय होतं ते बघितलं नव्हतं. चौकशी अधिकारी म्हणाला, एक तर त्याने तुम्हाला दिलं, नाही तर दुसऱ्या कुणाला दिलं, तुम्ही ठरवा. मला एकोणतिसाव्या वर्षी नोकरी वाचवायची होती, आणि ते शेवटचं वाक्य लिहिलं की मी सुटत होते. पहिली दोन वाक्यं त्याची किंमत होती. वर, मला खरंच वाटलं की तू केलं असशील. आठ दिवसांनी आईने ते पाकीट उघडलं. सरकारी दवाखान्यातले तुझे छातीचे एक्स-रे होते, आमच्यापासून लपवलेले. आईने मला दाखवले आणि पुन्हा पाकिटात घातले. मी अधिकाऱ्याकडे परत गेले नाही.

कुलूपबाईंचं ते वाक्य हे होतं : "ज्या बाईने सख्ख्या भावाविरुद्ध लिहून दिलं, ती संस्थेविरुद्ध काय लिहिणार? म्हणून निवडलंय तुम्हाला." संचालकांनी मला 'अर्ध्या घरच्या' का म्हटलं, ते मला तळघरात समजलं.

सुनावणी बुधवारी, अठ्ठावीसला, सकाळी दहा वाजता आहे. पुस्तकाचा समारंभ त्यानंतर, दोन मार्चला. तो होईल असं मला वाटत नाही, पण निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या आहेत. कुलूपबाई रजिस्टर घेऊन येणार आणि परत आलेल्या प्रतीही. साहेबांच्या नावावर जमा झालेली प्रत सात नंबरची आहे, तुझ्या पेन्सिलीसकट, आणि तुझ्या नावावरची एक नंबरची, हे समितीने अजून पाहिलेलं नाही. संचालकांना साक्षीला बोलावलं आहे. ते वकील घेऊन येतील आणि पावती बांधणीचीच होती असं सांगतील.

पहिली साक्ष माझी. मी निवेदन मागे घेणार आहे. खोटं निवेदन दिल्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, असं वकील म्हणाले. इतक्या वर्षांनी होणार नाही, असंही म्हणाले, पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निवेदन घेणारा अधिकारी आता हयात नाही. म्हणजे मी काय लिहिलं आणि का, हे सांगू शकणारी माणसं दोनच : मी आणि, हे पत्र वाचल्यावर, तू.

साडेदहाला समितीचे सचिव तुला फोन लावतील. तुझा नंबर मी दिलेला नाही. तो द्यायचा की नाही, हे साहेबांची मुलगी तुला विचारेल. तू हो म्हणालास तर ती त्यांना कळवेल. आधी ते तुझं नाव, हुद्दा आणि समासातलं वाक्य विचारतील. त्यानंतर अध्यक्षबाई माझं निवेदन वाचून दाखवतील आणि विचारतील, तुमच्या बहिणीने हे चुकून लिहिलं की जाणूनबुजून?

तेव्हा मी त्याच खोलीत असेन. फोनचा आवाज मोठा केलेला असेल. माझ्याकडे बघून नाही, कागदाकडे बघून उत्तर दे. तू नेहमी तसंच काम करायचास.

तुझी बहीण